रॅम विकत घेण्याआधी

अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ थांबलं, की एक वाक्य कानावर पडतंच: "भाऊ, गेम लावला का रॅम फुल्ल होते. एक रॅम वाढवून द्या ना." बोलणारा बहुतेक वेळा अभियांत्रिकीचा नाहीतर पॉलिटेक्निकचा विद्यार्थी असतो. लॅपटॉप घरच्यांनी कॉलेजसाठी घेऊन दिलेला असतो, त्यात ८ जीबी रॅम असते आणि रात्री त्याच्यावर 'जीटीए फाइव्ह' किंवा 'व्हॅलोरंट' चालतं. गेम अडकतो, टास्क मॅनेजर उघडला की मेमरीपुढे ९० टक्के दिसतं आणि निदान झालं असं समजून मुलगा दुकान गाठतो.

काही वर्षांपूर्वी या निदानात चूक झाली तरी फार बिघडत नव्हतं, कारण रॅम स्वस्त होती. २०२५ च्या अखेरीस चित्र पालटलं. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीच्या चिप्सना प्रचंड मागणी आली आणि घरगुती रॅमचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने, आपल्याकडे अनेकांनी वापरलेला 'क्रूशिअल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत दुखणं एकीकडे आणि खर्च भलतीकडे, असं व्हायला नको. रॅम अपुरी पडते हे खरंच होतं, नाही असं नाही. पण 'मेमरी भरली' या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि नवी रॅम त्यातल्या एखाद्यावरच चालते. कोणतं दुखणं आहे ते घरीच, एक पैसाही न घालवता तपासता येतं.

सुरुवात त्या ९० टक्क्यांपासून करू. रॅम भरलेली दिसणं हा मुळात बिघाडच नाही. रिकामी रॅम काहीच काम करत नाही, म्हणून विंडोज ती रिकामी ठेवत नाही. २००७ च्या व्हिस्टापासून तर नेहमी लागणाऱ्या फाइली आधीच वाचून रॅममध्ये ठेवण्याची सोय विंडोजमध्ये आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरी निवडली, की 'कॅश्ड' असा एक आकडा दिसतो. ती राखीव साठवण आहे, गेमने मागितली की बहुतेक सगळी लगेच मोकळी होते. त्यामुळे आधी पाहायचा आकडा 'अव्हेलेबल' हा. गेम चालू असताना तिथे दीड-दोन जीबी शिल्लक राहत असतील, तर अडकण्याचं कारण बहुधा दुसरीकडे आहे.

याच कारणासाठी 'रॅम बूस्टर', 'रॅम क्लीनर' म्हणून मिळणारी सॉफ्टवेअर काढून टाकावीत, असं मी आग्रहाने सांगतो. ती चालू प्रोग्रामांची पानं, म्हणजे मेमरीतले त्यांचे छोटे तुकडे, जबरदस्तीने रॅममधून बाहेर ढकलतात. वापराचा आकडा झटकन खाली येतो, पाहणाऱ्याला बरं वाटतं. पण पुढच्याच क्षणी गेमला तीच पानं पुन्हा लागतात आणि ती परत आणताना गेम अडखळतो. म्हणजे ज्या त्रासासाठी औषध घेतलं, तोच त्रास ते औषध वाढवतं.

आता त्याच पानावरच्या ज्या आकड्याकडे फारसं कुणी पाहत नाही, त्याकडे वळू. 'कमिटेड' या शब्दाखाली १३.२/१५.८ असे दोन आकडे तिरप्या रेघेने जोडलेले असतात. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात हा हिशेब सांगायला सोपा आहे, कारण तो पीककर्जासारखा आहे. बँकेने मंजूर केलेली रक्कम वेगळी आणि प्रत्यक्ष केलेली उचल वेगळी. पण मंजूर केलेले पैसे बँकेला द्यायची तयारी ठेवावीच लागते. गेम सुरू होताना विंडोजकडे भरपूर मेमरी मंजूर करून घेतो, मग ती सगळी वापरो की न वापरो. तिरप्या रेघेच्या डावीकडे त्या घडीला चालू असलेल्या सगळ्या मंजुरींची बेरीज असते. उजवीकडे विंडोजची कमाल ऐपत असते. ती ऐपत म्हणजे रॅम अधिक डिस्कवरची पेज फाइल. हे दोन आकडे एकमेकांना भिडले की पुढची मंजुरी नाकारली जाते आणि गेम काही न सांगता डेस्कटॉपवर येऊन बंद पडतो. त्या वेळी रॅममध्ये थोडी जागा शिल्लक असली तरी तसं होऊ शकतं. 'रॅम ७० टक्केच होती, तरी गेम क्रॅश झाला' या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

पेज फाइल बंद केल्याने गेम वेगात चालतो, असा एक समज आपल्याकडच्या मुलांमध्ये बराच पसरलेला आहे. ती बंद केली की विंडोजची ऐपत थेट रॅमइतकी आखडते आणि क्रॅश वाढतात. ती चालू ठेवावी आणि तिचा आकार विंडोजलाच ठरवू द्यावा. मात्र विंडोज तो कसा ठरवतं हे माहीत असलेलं बरं. रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी यांतलं जे मोठं असेल तिथपर्यंत ती फाइल वाढू शकते, पण ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या एक-अष्टमांशापुढे जात नाही. ८ जीबी रॅमच्या मशीनला २४ जीबीची पेज फाइल मिळायला हवी, पण सी ड्राइव्ह १२० जीबीचा एसएसडी असेल तर ती १५ जीबीवर थांबते. आणि त्या ड्राइव्हवर मोकळी जागाच ५ जीबी उरली असेल, तर तिथपर्यंतही पोचत नाही. जुन्या पीसीत स्वस्तातला छोटा एसएसडी बसवून त्यावर विंडोज टाकायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. अशा मशीनवर डाऊनलोड फोल्डर साफ करून २०-२५ जीबी मोकळे केले, की न सुटणारा क्रॅश सुटतो. एका पैशाचीही रॅम लागत नाही.

हेच कारण आहे का, याची खात्री करायची असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडाव्यात आणि २००४ क्रमांकाची नोंद शोधावी. व्हर्च्युअल मेमरी कमी पडली की विंडोज तिथे तशी नोंद करतं आणि त्या क्षणी सर्वांत जास्त मेमरी घेऊन बसलेल्या प्रोग्रामांची नावंही लिहितं. गेमसोबत ब्राउझर नाहीतर पाठीमागे विसरलेला मोबाइल गेमांचा एम्युलेटर त्या यादीत दिसला, तर आश्चर्य नको. एम्युलेटर म्हणजे पीसीच्या पोटात चालणारा एक अख्खा अँड्रॉइड फोन. त्याच्या सेटिंगमध्ये ४ जीबी दिलेले असतील, तर ८ जीबीच्या लॅपटॉपवर दुसऱ्या गेमसाठी काय उरणार?

पेज फाइल क्रॅश टाळते, पण गेमचा वेग सांभाळत नाही. रॅममधून माहिती यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून आणायला त्याच्या सुमारे हजारपट आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला सुमारे लाखपट वेळ जातो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारत असली, तरी हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, सुई सरकण्याचा वेळ वेगळाच. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला पावणेसतरा मिलिसेकंदांहून कमी वेळ मिळतो. त्यात डिस्कवर दोन-तीन हेलपाटे झाले की चित्र थबकलंच. रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा आलेख या हेलपाट्यांचा अंदाज देतो. गेम सुरू होताना, नवा नकाशा उघडताना तो उसळतो, ते स्वाभाविक आहे. खेळ रंगात असताना तो सतत उंच राहत असेल आणि 'अव्हेलेबल' जवळपास संपलेलं असेल, तर मात्र रॅम खरोखरच कमी आहे. दुकानात जायचं ते हे दोन्ही एकत्र दिसल्यावर.

दुसरं दुखणं गळतीचं. गेमने मेमरी घेतली, काम झालं, पण परत केली नाही, आणि असं पुनःपुन्हा घडत गेलं. नवीन गेम उघडताना वापर वाढतो, ती गळती नव्हे. ओळखायची खूण म्हणजे आलेखाचा चढ. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर 'कमिट साइझ' हा स्तंभ सुरू करावा आणि गेममध्ये एकाच जागी, समजा मुख्य मेनूत, ठरावीक वेळाने परत येऊन आकडा वहीत लिहावा. पहिल्यांदा ५ जीबी, तासाभराने त्याच मेनूत ६.५, आणखी तासाने ८, असं दिसलं तर गळती आहे. ५ जीबीवरून ६ वर जाऊन तिथेच थांबला, तर नाही. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीत आणखी वेगळं दृश्य दिसतं. वापर चढत जातो, मग एकदम कोसळतो, पुन्हा चढतो. करवतीच्या दातांसारखी दिसणारी ती रेघ निरोगी आहे, कारण जावा कचरा साचू देते आणि मग एकदम झाडते. तिथे लाँचरमध्ये 'माइनक्राफ्ट'ला गरजेपेक्षा फार जास्त मेमरी देऊन ठेवणारेही पुष्कळ आहेत. झाडायला मोठं अंगण मिळालं की झाडणीचे थांबे लांबू शकतात आणि ८ जीबीच्या मशीनवर बाकीच्या विंडोजचीही उपासमार होते.

खरी गळती सापडली, तर घरबसल्या ती बुजवता येत नाही. ती गेमच्या कोडमधली चूक असते. आपण एवढंच करू शकतो: गेम आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करायचे, मॉड टाकलेले असतील तर सगळे काढून पाहायचं, ओव्हरले आणि रेकॉर्डिंगचे प्रोग्राम एकेक करून बंद करायचे आणि तरी गळत असेल तर दर दोन तासांनी गेम बंद करून पुन्हा लावायचा. अशा मशीनमध्ये ८ च्या जागी १६ जीबी टाकले तर क्रॅश दोन तासांऐवजी पाच तासांनी होईल, इतकंच. एक गळती मात्र गेमची नसतेच. टास्क मॅनेजरमधल्या सगळ्या प्रोग्रामांची बेरीज ३ जीबी आणि वापर ७ जीबी, असा हिशेब जुळेनासा झाला, तर 'नॉन-पेज्ड पूल' पाहावा. हा भाग डिस्कवर हलवताच येत नाही. तो दोन-तीन जीबींपर्यंत फुगला असेल, तर दोष बहुधा नेटवर्कच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरचा असतो आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेतल्यावर पुष्कळदा मिटतो.

यानंतर जे सांगायचं आहे ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथे मेमरी खरोखर भरलेली असते, फक्त ती रॅम नसते. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक भिंतीचं, कापडाचं, चेहऱ्याचं चित्र तिथे मांडून ठेवलेलं असतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम आणला. त्यातली राजी ज्या महालांच्या भिंतींवरून पळते, त्या भिंतींचा पोत, त्यांच्यावरची नक्षी, हे सगळं अशाच चित्रांमधून उभं राहतं. एका चित्राचा हिशेब मांडून पाहा. लांबी-रुंदी प्रत्येकी ४,०९६ ठिपके, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख ठिपके. दर ठिपक्याला ४ बाइट धरले तर ६४ एमबी होतात. गेममध्ये ही चित्रं दाबून ठेवतात. ठिपक्याला १ बाइट उरला तरी १६ एमबी, आणि दुरून दिसण्यासाठीच्या लहान प्रती धरून सुमारे २१ एमबी. एकाच पृष्ठभागाला रंगाचं एक, उंचसखलपणाचं एक, चकाकीचं एक अशी तीन-चार चित्रं लागतात. अशी दोनशे चित्रं झाली की ४ जीबीचं कार्ड भरलं.

लांबी-रुंदी निम्मी केली की आकार चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्चर', म्हणजे हीच चित्रं, एक पायरी खाली आणणं हा व्हीरॅमच्या दुखण्यावरचा पहिला इलाज, आणि लॅपटॉपच्या १५ इंची पडद्यावर त्याने दिसण्यात पडणारा फरक मामुली असतो. सावल्या, गवत, पाणी यांना हात लावण्याआधी हे करावं. व्हीरॅम भरल्यावर काय होतं? कार्ड उरलेली चित्रं रॅमकडे ढकलतं. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'डेडिकेटेड' मेमरी काठोकाठ आणि 'शेअर्ड' वाढत चाललेली दिसते. बरीच वर्षं आपल्याकडे भरपूर खपलेलं जीटीएक्स १६५० हे कार्ड घ्या. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या मूळ आवृत्तीतली ४ जीबी मेमरी सेकंदाला १२८ जीबी माहिती पुरवते. रॅमकडून त्याच कार्डाकडे येणारी वाट सेकंदाला जेमतेम १६ जीबी. आठपट अरुंद वाटेवर गर्दी झाली की गेम झटके देणारच. २८ मार्च २०२३ ला 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला, तेव्हा ८ जीबी व्हीरॅमच्या कार्डांवरही वरच्या टेक्स्चरला हाच त्रास झाला. पुढच्या दुरुस्त्यांनी तो कमी झाला. रॅम वाढवून तो गेला नसता.

ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं कार्डच नाही, त्यांची गोष्ट निराळी. तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. ८ जीबीपैकी काही भाग सुरुवातीलाच राखून ठेवला जातो आणि टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसतो. शिवाय असे लॅपटॉप पुष्कळदा एकाच पट्टीचे येतात. ३२०० वेगाची एक डीडीआर४ पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या जोडीने ५१.२. ग्राफिक्सचा सगळा घास याच वाटेने येत असल्यामुळे दुसरी पट्टी बसवल्यावर गेमचा वेग डोळ्यांना जाणवेल इतका वाढतो. रॅम घेण्याचं सर्वांत सार्थक कुठे होत असेल, तर ते अशा मशीनमध्ये.

जुन्या गेमांचं थोडक्यात सांगतो. 'जीटीए सॅन अँड्रियास' हा ३२ बिटचा गेम. असा प्रोग्राम मुळात २ जीबी आणि त्याच्या फाइलमध्ये विशिष्ट खूण असेल तर ६४ बिटच्या विंडोजवर ४ जीबी, यापलीकडे मेमरी पाहूच शकत नाही. नव्या गाड्यांचे आणि नकाशांचे मॉड भरून तो बंद पडत असेल, तर पीसीत ३२ जीबी टाकले तरी पडणारच. मॉड कमी करणं हाच उपाय.

आणि मग उन्हाळा. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाला महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावावं लागलं. त्या दिवसांत अडकणाऱ्या गेमांचा दोषही रॅमच्या माथी मारला जातो. हिशेब सरळ आहे. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हिवाळ्यात २२ अंशांच्या खोलीत गेम खेळताना प्रोसेसर ८५ अंशांवर असेल, तर त्याच कामाला ४० अंशांच्या खोलीत तो १०३ च्या आसपास जायला हवा. तिथे पोचण्याआधीच बहुतेक लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात आणि गेम रखडतो. मेमरीच्या दुखण्यात मेमरीचे आकडे वाढत जातात. उष्णतेच्या दुखण्यात ते जागच्या जागी असतात आणि टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावरचा गिगाहर्ट्झचा आकडा खाली येतो. आपल्या भागात याची आणखी एक चाचणी करता येते: तोच गेम, तीच सेटिंग, एकदा पहाटे साडेपाचला आणि एकदा दुपारी तीनला. पहाटे सुरळीत आणि दुपारी अडखळत असेल, तर पट्टी विकत घेऊ नका. पंख्याची जाळी साफ करून घ्या, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र घेऊ नये. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर चालणाऱ्या कुलरच्या गवतावर पांढरे क्षार बसलेले आपण दर वर्षी पाहतो. ती दमट हवा आणि धूळ रॅमच्या खाचांमध्ये जायला नको. पट्टीचा संपर्क बिघडला, तर ८ जीबीपैकी निम्मीच मेमरी वापरण्याजोगी दिसू लागते. अशा वेळी वीज पूर्ण बंद करून पट्टी काढून, टोकं पुसून पुन्हा नीट बसवली की गेलेली मेमरी बहुधा परत येते.

पडद्यावरच्या संदेशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरियल इंजिनवरचे गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असं सांगत बंद पडायचे. व्हीरॅम मोकळी असायची. दोष प्रोसेसरमध्येच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी सुधारित मायक्रोकोड आला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा पीसी असेल तर आधी मदरबोर्डचं बायोस अद्ययावत करायचं आणि वॉरंटीची तारीख पाहायची.

हे सगळं तपासून झालं, 'अव्हेलेबल' संपलेलं आहे, हार्ड फॉल्ट्स उंच आहेत, पाठीमागे काही चालू नाही, गळती नाही, तर मग रॅम जरूर घ्यावी. दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावरून तीन गोष्टी लिहून न्याव्यात: वेग, पट्टीचा प्रकार आणि एकूण किती खाचांपैकी किती भरल्या आहेत. काही पातळ लॅपटॉपांमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे वाढ करताच येत नाही. म्हणून मॉडेल क्रमांकावरून आधी खात्री करावी. डीडीआर४च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. आहे तिच्याच वेगाची आणि तितक्याच क्षमतेची पट्टी मिळाली तर उत्तम. बसवून घेतल्यावर दुकानातच मशीन सुरू करून पूर्ण मेमरी दिसते का ते पाहावं, आणि घरी आल्यावर पहिल्या रात्री गेम न लावता मेमटेस्ट८६ चालू ठेवावं. त्यात एकही चूक आली, तर बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी पट्टी बदलून आणावी.